भरलेल्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज: मालक आणि ड्रायव्हर वारंवार विचारतात ते प्रश्न

खालचे बहुतेक हिशेब ४२ टनी (गाडी आणि माल मिळून), १४ चाकी गाडीचे आहेत आणि डिझेल लिटरला ९० रुपये धरलं आहे. तुमची गाडी १० चाकी असेल किंवा ट्रेलर असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. तुमच्या पंपावरचा भाव घालून स्वतः मांडून बघा.

१४ चाकी गाडीने किती अ‍ॅव्हरेज द्यायला हवं?

पूर्ण भरलेली, सपाट हायवे, साठच्या आसपास वेग: लिटरला साडेतीन किलोमीटर मिळाले तर गाडी आणि ड्रायव्हर दोघंही ठीक आहेत. घाट आणि गर्दी लागली की तीनच्या खाली येते. रिकामी सहाच्या आसपास जाते. २८ टनी १० चाकी भरून चार-साडेचार देते, ५५ टनी ट्रेलर अडीच ते तीन.

पण नुसता आकडा सांगून उपयोग नाही. कुठून कुठे, काय भरून, परत येताना काय, हे आधी विचारायला हवं. जालन्याहून सळई भरून मुंबईकडे निघालेली गाडी घाट-खाचखळगे धरूनही शेवटी पाचशे मीटर खाली उतरते. तीच गाडी न्हावाशेवाहून भंगार भरून जालन्याला जाते तेव्हा ते पाचशे मीटर चढते. नुसत्या या चढाला १४ लिटरच्या आसपास डिझेल लागतं. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, वजनही तेच, आणि दोन खेपांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये ढळढळीत फरक. अशा वेळी चढाच्या खेपेला अ‍ॅव्हरेज कमी पडलं म्हणून ड्रायव्हरला बोल लावणारे मालक बरेच आहेत.

शोरूमवाल्याने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मिळत का नाही?

कारण चाचणी रस्त्यावरच्या वाहतुकीत होतच नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांवरच्या गाड्यांसाठी इंधन वापराचे निकष अधिसूचित केले. त्यात ट्रकची चाचणी ४० आणि ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने घ्यायची असते. टोलनाका नाही, गतिरोधक नाही, मध्येच आडवी येणारी रिक्षा नाही. दोन मॉडेलांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे, खेपेचा हिशेब करायला नाही. गाडी घेताना शोरूमपेक्षा तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच मालाची खेप मारणाऱ्या दुसऱ्या मालकाकडे जाऊन त्याची वही बघा.

अ‍ॅव्हरेज नीट मोजायचं कसं?

टाकी टू टाकी. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, गाडी सपाट उभी करून पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची. कटनंतर थेंब थेंब टाकत बसायचं नाही. किलोमीटर लिहायचे, खेप मारायची, परत तसंच भरायचं. एका खेपेवरून काहीच ठरवू नका, तीन-चार खेपांची सरासरी काढा.

वहीत किलोमीटर आणि लिटर यांच्याबरोबर काट्यावरचं वजन लिहा. हा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. २० टन भरून चार आणि २८ टन भरून साडेतीन, यातली दुसरी खेप जास्त चांगली आहे. लिटरला किती टन किती किलोमीटर नेले ते काढा: पहिल्या खेपेत ८०, दुसरीत ९८.

आणि महिन्याचं अ‍ॅव्हरेज काढताना रिकामे किलोमीटर वेगळे धरा. रिकामी परत आलेली गाडी महिन्याचा आकडा छान दाखवते आणि खिसा रिकामा करते.

डिझेल नेमकं जातं कुठे?

ढोबळ मानाने चार ठिकाणी: टायर रस्त्यावर फिरवायला, समोरची हवा कापायला, चढ चढायला, आणि ब्रेक लावून जी गती घालवली ती पुन्हा मिळवायला. इंजिन स्वतः जे खातं ते वेगळंच. डिझेलमधल्या ताकदीपैकी साधारण ४० टक्केच चाकांकडे जाते, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून गरम होऊन निघून जाते. त्यावर तुमचा-माझा इलाज नाही.

भरलेल्या गाडीचं साठच्या वेगाला टायरकडे जाणारं डिझेल हवेकडे जाणाऱ्याच्या तिप्पट असतं. परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओत सगळा भर हवा कापण्यावर दिसतो, कारण तिथे गाड्या सपाट मोटरवेवर ८५-९० ने सलग धावतात. आपल्याकडे क्रम उलटा लावा: आधी टायर आणि ब्रेक, मग हवा.

साठने चालवावी की ऐंशीने?

मालवाहू गाडीला चौपदरी महामार्गावर कायद्याने ८० पर्यंत मुभा आहे. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा रेटा पावणेदोन पटीच्या वर जातो. भरलेल्या १४ चाकीला त्यामुळे सपाट रस्त्यावर १५ ते २० टक्के जास्त डिझेल लागतं. म्हणजे साडेतीन देणारी गाडी तीनच्या आसपास येते.

आता गंमत बघा. रिकाम्या गाडीत टायरवरचा भार एक तृतीयांशाच्या आसपास उरतो, हवा मात्र तेवढीच कापायची असते. रिकाम्या गाडीला ६० ऐवजी ८० ने पळवलं तर खर्च जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो. आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: भरलेली गाडी सांभाळून चालवायची आणि खाली झाली की उडवायची.

माझं मत विचाराल तर भरलेली आणि रिकामी, दोन्ही ६० ते ६५. पुढची भरती (पुढचा माल) हातची जाणार असेल तर ७० ने पळवा, पण का पळवतोय ते माहीत असू द्या. ३०० किलोमीटरला ६० ऐवजी ७० ने गेलात तर कागदावर पाऊण तास वाचतो. रस्त्यावर टोल, गावं, चहा धरून त्यातला किती हातात उरतो हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल.

ब्रेक मारण्याने डिझेलचा काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध इथेच आहे. ४२ टनांची गाडी शून्यावरून साठवर आणायला फक्त वेग देण्यासाठी ४०० मिलिलिटरच्या आसपास डिझेल जळतं, म्हणजे ३५ रुपये. तुम्ही ब्रेक मारून गाडी उभी केलीत की ते ३५ रुपये ब्रेकचे ड्रम तापवण्यात गेले.

त्यामुळे पुढे सिग्नल लाल दिसतोय, टोलची रांग दिसतेय, गतिरोधकाचा पट्टा दिसतोय, तर अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय तिथेच काढा. गाडी गिअरमध्येच राहू द्या, आपल्या वजनाने ती पुढे सरकत जाईल. अर्धा किलोमीटर आधी पाय काढणारा ड्रायव्हर आणि पन्नास मीटरवर ब्रेकवर उभा राहणारा ड्रायव्हर एकाच मिनिटाला टोलवर पोचतात. पूर्ण न थांबता १५-२० च्या वेगाने रांगेत मिसळता आलं तर उत्तमच, कारण साठवरून वीसवर येऊन परत साठ गाठणं आणि शून्यावरून साठ गाठणं यात अजूनही दहावा हिस्सा वाचतो. शिवाय मोठ्या गिअरमध्ये निघता येतं आणि क्लच वाचतो.

२०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके गेले, मुंबईची जकात गेली, २०२१ ला फास्टॅग सक्तीचा झाला. या सगळ्याने ट्रकवाल्यांचं जेवढं डिझेल वाचवलं तेवढं कुठल्या यंत्राने वाचवलं नसेल. पुढच्या गाडीशी अंतर ठेवणं हा त्याच जातीचा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

गिअर कधी बदलायचा?

इंजिनाचे मिनिटाला फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरवर हिरवा पट्टा असतो, काटा त्यात ठेवायचा. बीएस-६ (सध्याचा प्रदूषण निकष) च्या बहुतेक मोठ्या इंजिनांना १,१०० ते १,६०० आरपीएममध्ये पुरेसा जोर असतो. सपाटीवर १,३०० च्या आसपास टॉप गिअर असेल तर छान. गाडी हलकी असेल तर गिअर सोडून टाकता येतो, दुसऱ्यावरून थेट चौथा. जुन्या गाड्यांवर हात बसलेले ड्रायव्हर प्रत्येक गिअर २,००० पर्यंत ताणतात, त्यांना इंजिन ओरडल्याशिवाय जोर आल्यासारखं वाटत नाही. ही सवय सांगून जात नाही, शेजारी बसून मोडावी लागते.

अनेक नव्या गाड्यांत हलका-मध्यम-भारी लोडचं बटण असतं. रिकामी गाडी भारीवर ठेवून पळवणारे पुष्कळ भेटतात. खाली झाल्यावर बटण हलक्यावर, एवढं लक्षात ठेवा.

घाटात डिझेल कसं वाचवायचं?

फारसं वाचत नाही. खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटरची उंची आहे. ४२ टन तेवढे वर नेण्यासाठी १६ लिटरच्या आसपास लागणारच. पंधरा-एक किलोमीटरच्या त्या पट्ट्यात लिटरला एक किलोमीटरही पडत नाही आणि त्यात कुणाची चूक नसते.

हातात आहे ते एवढंच: चढ सुरू होण्याआधी योग्य गिअर पकडणं, मध्येच गिअर चुकून गाडी बसू न देणं, हाफ क्लचवर गाडी न धरणं. आणि घाट पहाटे किंवा रात्री उशिरा काढणं. चढावर गर्दीत थांबत-निघत गेलात तर डिझेलपेक्षा क्लचप्लेट महाग पडते.

उतारावर न्यूट्रल केली तर डिझेल वाचतं ना?

याचं उत्तर सविस्तर देतो, कारण हा प्रश्न जिवाचा आहे.

गाडी गिअरमध्ये आहे आणि पाय अ‍ॅक्सिलेटरवरून काढला आहे, तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात. कॉमन रेल इंजिनात डिझेल संगणक सोडतो, आणि अशा वेळी तो ते पूर्ण बंद करतो. खर्च शून्य. न्यूट्रल केलीत की इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरत राहावं लागतं, म्हणजे ते डिझेल पितं. घाटाच्या उतारावर न्यूट्रल म्हणजे जास्त डिझेल. वाचतं ही समजूतच उलटी आहे.

मग ड्रायव्हर शपथेवर का सांगतात की वाचतं? कारण अगदी हलक्या उतारावर गिअरमध्ये गाडीचा वेग पडतो आणि थोडी रेस द्यावी लागते, न्यूट्रलमध्ये ती घरंगळत जाते. तिथे थोडं वाचतं, हे खरं आहे. काही नव्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या हेच काम स्वतः करतात, पण वेग वाढला किंवा ब्रेकला पाय लागला की त्या लगेच गिअर परत घेतात. माणसाला ते तेवढ्या झटपट जमत नाही. वेगात, भरलेल्या गाडीला, उतारावर परत गिअर पडेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक कामाचा राहत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला हवेच्या टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशा अपघातांनी बदनाम झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही न्यूट्रलची गोष्ट पोलिसांच्या प्राथमिक तपासातून समोर आली होती.

यात मालकही हात झटकू शकत नाहीत. खेपेला ठरावीक डिझेल द्यायचं आणि उरलं ते ड्रायव्हरचं, हा व्यवहार जिथे चालतो तिथे न्यूट्रलची सवय लागणारच.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्याने कितीसा फरक पडतो?

मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दीड ते दोन लिटर पितं. दीडच धरा. बंदराच्या गेटवर, कारखान्याच्या रांगेत, गोदामाबाहेर मिळून रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस: ११२ लिटर, म्हणजे दहा हजार रुपये. गाडी एक इंचही हलली नाही आणि दहा हजार गेले.

ड्रायव्हरला ओरडण्याआधी तो गाडी बंद का करत नाही ते विचारा. बहुतेक वेळा दोन कारणं निघतात. एक, बॅटरी मेलेली आहे, बंद केली तर धक्का द्यायला माणसं गोळा करावी लागतील. दोन, ब्रेकची हवा कुठेतरी लीक आहे, दहा-पंधरा मिनिटांत हवेची टाकी उतरते, ब्रेक जाम होतात आणि रांग पुढे सरकली की मागचे हॉर्न वाजवायला लागतात. दोन्ही गोष्टी मालकाने दुरुस्त करायच्या आहेत. बॅटरी पुढच्या महिन्यावर ढकलणारा मालक तिची किंमत दर महिन्याला डिझेलमधून भरतो.

सकाळी ब्रेकची हवा भरेपर्यंत दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, पहिले काही किलोमीटर सबुरीने न्या, तेवढं गरम होणं पुरे. लांबून आल्यावर टर्बोसाठी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा. पंधरा मिनिटांची गरज कशालाच नाही.

एसी लावला तर अ‍ॅव्हरेज पडतं का?

दोन-तीन टक्के. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे, तो बंद ठेवायला लावू नका. मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांत आठ तास बसलेल्या माणसाचा पाय कसा चालतो, त्यात यापेक्षा जास्त डिझेल जातं. फक्त उभ्या गाडीत एसीसाठी रात्रभर इंजिन चालवणं महाग आहे. रात्रीसाठी बॅटरीवरचा पंखा, मच्छरदाणी आणि सावलीतलं पार्किंग बघा.

टायरचं काय काय बघायचं?

पहिली आणि शेवटची गोष्ट हवा. कमी हवेची सायकल मारून बघा, तेच तुमची गाडी चौदा टायरांवर करत असते. साधारणपणे सगळ्या टायरांत १० पीएसआय कमी असेल तर डिझेल एक टक्क्याने वाढतं. ऐकायला थोडं वाटतं, पण तपासायला गेलात की मागच्या जोडटायरांपैकी आतला एखादा ३०-४० ने उतरलेला सापडतो. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून कुणी बघत नाही. व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. काठी आपटून आवाजावरून हवा ओळखणारे उस्ताद आहेत. टायर पूर्ण बसलाय का ते त्यांना कळतं, वीस पीएसआयचा फरक कळत नाही. गेज वापरा, आणि टायर थंड असताना. गरम टायरची हवा जास्त दाखवते म्हणून ती काढून टाकू नका.

नायलॉनपेक्षा रेडियल टायर हलका फिरतो आणि लांबच्या खेपेत त्याची जास्तीची किंमत वसूल होते. खाणीच्या, खडीच्या कामाला मात्र नायलॉन घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. जोडीतले दोन टायर सारख्या उंचीचे हवेत, नाहीतर एक दुसऱ्याला घासतो. पुढची चाकं एका बाजूने खाल्ली जात असतील तर अलाइनमेंट करा. टायर आणि डिझेल दोन्ही तिथे जातंय.

नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. हवा थोडी जास्त दिवस टिकते, बस.

लिफ्ट अ‍ॅक्सल कधी उचलायचा?

लिफ्ट अ‍ॅक्सल म्हणजे गरज नसताना वर उचलता येणारी चाकं. गाडी खाली झाली की लगेच उचला. भरलेली असताना उचलून चालवणं बेकायदा आहे आणि बाकीच्या टायरांचा जीव घेतं.

गाडी "जड" चालते असं ड्रायव्हर म्हणतो, पण मेकॅनिकला काही सापडत नाही. काय बघायचं?

ड्रायव्हरचं ऐका, त्याला कळतं. ब्रेक धरून राहत असेल तर ते शोधायला हात पुरेसा आहे. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबू द्या. खाली उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ तळहात न्या. टेकवू नका, चार बोटं लांब धरा. सगळीकडून सारखी ऊब यायला हवी. एखाद्या चाकाजवळ हात धरवत नसेल, जळका वास येत असेल, तर तिथे लायनर ड्रमला टेकून आहे. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेक आवळायचा भाग) जास्त आवळलेला असेल किंवा स्प्रिंग गेली असेल. ती उष्णता तुमच्या डिझेलची आहे. हात न लावता तापमान दाखवणारं पिस्तूल हजार-दीड हजारात मिळतं, एक घेऊन केबिनमध्ये ठेवा.

त्यानंतर एअर फिल्टर. नुसता फुंकर मारून परत बसवलेला फिल्टर उन्हाळ्यात आठवडाभरात चोक होतो. मग रेडिएटरचा पंखा. इंजिन गरम होतंय म्हणून काही मेकॅनिक पंख्याचा क्लच कायमचा जाम करून देतात. गरम होणं थांबतं, पण तो पंखा मग चोवीस तास इंजिनाची ताकद खातो. इंजिन का तापतंय ते शोधायला सांगा.

ताडपत्री आणि डिफ्लेक्टरने फरक पडतो?

ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री डिझेल खाते आणि स्वतःही फाटते. मोकळ्या बॉडीवर माल पुढून उतरता किंवा सपाट रचा, केबिनच्या मागे एकदम उंच भिंत उभी करू नका. बंद कंटेनरची गाडी समृद्धीसारख्या रस्त्यावर सलग धावत असेल तर केबिनवरचा डिफ्लेक्टर (हवा वर वळवणारं पान) पैसे वसूल करतो. खडी वाहणाऱ्या हायवाला (टिपरला) त्याचा उपयोग शोभेपुरता.

बीएस-६ गाडीत युरिया (धूर साफ करणारं द्रावण) नाही टाकला तर?

इंजिनचा जोर संगणकच कमी करतो आणि गाडी चढावर बसते. युरिया डिझेलच्या तीन ते सहा टक्के लागतो, तो हिशेबात धरा. खताचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे थोडे पैसे वाचवतात आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टचं लाखाच्या घरातलं काम अंगावर घेतात. डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) साफ करायचा दिवा लागला तर तो टाळत राहू नका. चोंदलेल्या फिल्टरमागे इंजिन गुदमरतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

डिझेलमध्ये टाकायचं औषध, नळीला लावायचं मॅग्नेट, चिप ट्युनिंग?

मॅग्नेटने काहीही होत नाही. औषध किंवा मॅग्नेट विकणाऱ्याला सांगा, तीन खेपांची वही आधी, तीन खेपांची नंतर, वजनासकट. फरक पडला तर पैसे. तो परत येणार नाही. चिप बदलून ताकद वाढते, वॉरंटी जाते आणि प्रदूषणाचा नियम मोडतो. स्वस्त "बायोडिझेल" किंवा रॉकेलची भेसळ कॉमन रेलच्या इंजेक्टरला मारते. तिथे दीड-दोन हजार बारचा दाब असतो, कचऱ्याला माफी नाही.

ओव्हरलोड केली तर टनामागे डिझेल कमी लागतं ना?

लागतं, हे गणित खरं आहे. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरचा भार कायदेशीर वाढवून दिला. त्यापुढे गेलात तर दंड २० हजार, वर जादा टनामागे दोन हजार, शिवाय माल उतरवायला लावतात. टायर, पाटे आणि ब्रेकचा खर्च वेगळा. परतीची भरती मिळवण्याकडे तेवढीच धडपड केली तर जास्त सुटतं. रिकामी परतणारी गाडी भरलेल्या खेपेच्या निम्म्याहून थोडं जास्तच डिझेल पिते आणि भाडं शून्य.

समृद्धीवरून न्यावी की जुन्या रस्त्याने?

नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. गावं नाहीत, सिग्नल नाहीत, इगतपुरीला बोगद्यातून जाता येत असल्याने कसाऱ्याच्या वळणांचा त्रास वाचतो. एका वेगाने सलग चालल्याने अ‍ॅव्हरेज चांगलं सुधारतं. टोल मात्र अवजड गाडीला भारी पडतो, आणि नुसत्या डिझेलच्या बचतीतून तो निघेलच असं नाही. महिन्यात एक जादा खेप बसत असेल तर समृद्धी, तसं नसेल तर दोन्ही रस्त्यांनी एकेक खेप मारून वही बघा. समृद्धीवर ८० ने सुटलात तर रस्त्याने दिलेला फायदा वेगाने परत घेतला असं होतं. टायर जुने असतील तर उन्हाळ्यात दुपारी तिथे जाऊच नका.

ड्रायव्हरला अ‍ॅव्हरेजवर बक्षीस द्यावं का?

द्यावं. वर सांगितलेल्या सगळ्या उपायांपैकी मालकाच्या हातात टायर, बॅटरी, ब्रेक आहेत. बाकी सगळं ड्रायव्हरच्या पायात आहे. बिल मालक भरतो आणि पाय ड्रायव्हरचा, या दोघांचा हिशेब जुळला नाही तर कुठलंही यंत्र बसवून उपयोग नाही.

महिन्याला ८,००० किलोमीटर चालणारी गाडी साडेतीनवरून ३.८ वर गेली तर १८० लिटर वाचतात, सोळा हजार रुपये. त्यातले निम्मे ड्रायव्हरला द्या. पाचशे रुपये हातावर टेकवून फोटो काढू नका, त्याला गणित येतं.

बक्षिसाचा पाया ठरवताना प्रत्येक मार्गाचा, भरलेल्याचा आणि रिकाम्याचा आकडा वेगळा ठेवा. घाटाच्या मार्गाला आणि सपाट मार्गाला एक आकडा लावला की चांगले ड्रायव्हर घाटाची खेप टाळायला लागतात. कमी पडलं तर पगारातून कापू नका. कापायला लागलात की न्यूट्रल सुरू झालीच समजा. जीपीएसवर न्यूट्रल किंवा जादा वेग दिसला तर त्या महिन्याचं बक्षीस नाही, हे आधीच सांगून ठेवा. आणि पैसे खेपेच्या हिशेबाबरोबरच द्या, दिवाळीला नको.

कंपनीचं जीपीएस अ‍ॅप खरंच कामाचं असतं का?

टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट, भारतबेंझचं ट्रकोनेक्ट: गाडीबरोबर आलेलं असतं, बहुतेक मालक त्यात फक्त गाडी कुठे पोचली ते बघतात. उभं इंजिन किती वेळ चाललं आणि हिरव्या पट्ट्याबाहेर किती वेळ गेला, हे दोन आकडे आठवड्यातून एकदा ड्रायव्हरला दाखवा. चारचौघांत नको, एकट्याला.

डिझेल चोरी होतेय की गाडीच पितेय, कसं ओळखायचं?

नव्या गाडीचा संगणक इंजिनने किती डिझेल जाळलं ते नोंदवतो. महिन्याची पंपाची बिलं एका बाजूला, ती नोंद दुसऱ्या बाजूला. दोन-चार टक्क्यांचा फरक मोजमापाचा धरा. त्याहून जास्त असेल तर टाकीला जाळी, झाकणाला कुलूप, आणि रिटर्न लाइनची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीची) गळती बघा. दोन्ही आकडे जुळत असतील आणि तरी अ‍ॅव्हरेज कमी असेल तर माणसावर संशय घेणं थांबवून ब्रेक आणि टायरकडे जा.

ड्रायव्हरला शिकायला कुठे पाठवता येईल?

भोसरीला सीआयआरटी म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टच्या आवारात चालक प्रशिक्षण संस्था आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना म्हणजे पीसीआरए, इंधन बचतीचे कार्यक्रम घेते. नवी गाडी घेताना विक्रेत्याकडून शिकवणारा माणूस मिळतो, त्याला यार्डात चहा पाजून परत पाठवू नका, एक पूर्ण भरलेली खेप बरोबर न्या.

टाकी कायम फुल ठेवली तर वजनाने अ‍ॅव्हरेज पडतं का?

४०० लिटर डिझेलचं वजन ३३० किलो. ४२ टनांत ते एक टक्काही नाही. जिथे भाव कमी आणि पंप भरवशाचा, तिथे फुल करा. मात्र लिटरला दोन रुपये स्वस्त म्हणून १५ किलोमीटर आत जाणार असाल तर जाण्या-येण्याचे ३० किलोमीटर, म्हणजे साडेआठ लिटर, म्हणजे ७७० रुपये आधी वजा करा.